कृष्णधवल चित्रपटातला पिवळा झगा

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी गावातल्या दूध संस्थेत, संध्याकाळच्या रांगेत, किटली घेऊन उभी होते. आमचं गाव राधानगरीच्या अलीकडं. सुट्टीला घरी गेले की दूध घालायला जायचं काम माझ्याकडं असतं. सलीमभाईंचं कोल्हापुरात मंगळवार पेठेत गॅरेज आहे, त्यामुळं त्यांचा फोन म्हटला की मागं कुठली ना कुठली मोटारसायकल गुरगुरत असते. त्या दिवशी मागं काहीच आवाज नव्हता. "आशू, अम्मा गेली ग," ते म्हणाले. आणि मग, "दुपारी जेवून पडली होती... चहाला उठवायला गेलो तर..." मागच्या बाईनं "सरक की पुढं" म्हणून ढकललं तेव्हा मी पुढं सरकले, दूध घातलं, पावती घेतली आणि घरी आले. आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम थांबवून विचारलं, "कोण लागत हुत्या तुझ्या?"

त्या प्रश्नाला आता सहा आठवडे झाले आणि मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. जैबूनआक्का, म्हणजे सलीमभाईंची अम्मा, माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दुकानावरची खोली मी तीन वर्षं भाड्यानं घेतली होती, म्हणजे सांगायचं झालं तर त्या माझ्या घरमालकीण. पण घरमालकिणीवर कुणी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख लिहायला बसत नाही. खरं उत्तर द्यायला मला संकोच वाटतो, तरी देते. मी त्यांची फॅन होते. फॅन होण्यात किती मजा असते आणि किती वेडेपणा असतो, हे मला त्यांच्यामुळंच कळलं. म्हणून हा लेख रडका होणार नाही. मी दोनदा रडका लिहून पाहिला. दोन्ही वेळा त्यांचा आवाज कानात आला, "काय ग ही पिरपिर? मेलोय मी, तू न्हवं."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. कोल्हापुरात आले तेव्हा मला रस्ता ओलांडायची भीती वाटायची आणि वर्गात हजेरीसुद्धा मी तोंडातल्या तोंडात द्यायचे. आक्कांचं दुकान साड्यांना फॉल लावून पिको करून देण्याचं. एक मशीन, एक स्टूल, भिंतीवर रंगीत रिळांची फळी, आणि गिऱ्हाईक आलं की एकानं रस्त्यावर उभं राहायचं एवढी जागा. त्यांचं नाव जैबुन्निसा. घरात अम्मा आणि अख्ख्या पेठेला आक्का. सत्तरी ओलांडून बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या डोळ्यांना आजार होता, नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडला होता आणि तो हळूहळू पसरणार असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. काही बघायचंच झालं तर ते नाकाला टेकेल इतकं जवळ आणून, मान तिरकी करून बघायच्या. काम मात्र बोटांवर चालायचं. साडी हातात आली की काठ कुठला, पदर कुठला, सुती की सिल्क, हे बोटं सांगायची. गिऱ्हाइकालाही त्या आवाजावरून ओळखायच्या आणि नावानं हाक मारून गप्प करायच्या.

माझी आणि त्यांची खरी ओळख एका चप्पलेमुळं झाली. त्या काळात माझ्या फोनमध्ये एकच माणूस असायचा, विहान. रील्सवर गाणी म्हणतो, कपाळावर एक बट सोडतो, आणि गाताना मध्येच थांबून आपल्याकडंच बघतोय असं बघतो. मी त्याचं फॅन पेज चालवायचे. गावात, घरात, वर्गात कुणालाही ते माहीत नव्हतं. हा विहान एका मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनाला कोल्हापुरात आला. मी सकाळपासून जाऊन उभी राहिले. दुपारी तो आला, गाडीच्या छतातून कमरेपर्यंत वर निघाला, हात हलवला, बट मागं सारली आणि गेला. चौफेर पोरी ओरडत होत्या, एक तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती. त्या रेटारेटीत माझी एक चप्पल गेली. मी तशीच परत आले आणि आक्कांच्या दुकानातून चोरपावलांनी जिन्याकडं निघाले.

"पाय एकच वाजतोय तुझा," मशीन न थांबवता आक्का म्हणाल्या. "दुसरी चप्पल कुठं गेली?"

मला खोटं बोलता येत नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, फॅन पेजसुद्धा. आता कान उपटले जाणार, आईबापांच्या कष्टांची आठवण करून दिली जाणार, याची मी वाट बघत होते. आक्कांनी मशीन थांबवलं.

"वरडलीस का?"

"आँ?"

"त्यो आला तवा. वरडलीस का न्हाय?"

"न्हाय, आक्का. लाज वाटली."

"मग गेलतीस कशाला? उन्हात सांडग्यासारखी वाळलीस आणि वरडलीबी न्हाईस? चप्पल फुकट गेली की ग!"

आणि मग, मी शपथेवर सांगते, त्यांनी मला स्टुलावर बसवून ओरडायला शिकवलं. घशातनं न्हाय, पोटातनं. आधी श्वास भरून घ्यायचा. डोळं मिटायचं, कारण डोळं उघडं ठेवून माणूस मोजूनमापून वरडतो. मी पहिल्यांदा जे काढलं त्याला त्या "उचकी" म्हणाल्या. दुसऱ्यांदा, "मांजर." तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि कुठून आला कुणास ठाऊक, माझ्यातून असा आवाज निघाला की समोरचा केळीवाला गाडा सोडून धावला आणि सलीमभाई हातात पाना घेऊन आले. "काय झालं, अम्मा?" "कुठं काय," आक्का म्हणाल्या, "धंदा शिकवतोय पोरीला."

तो त्यांचा धंदा खरंच एका दिवसापुरता होता. आक्कांचे वडील कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत शिंपी होते. साठ वर्षांपूर्वी तिथं 'गाणारा पाहुणा' नावाचा चित्रपट तयार होत होता. सोळा वर्षांची जैबून अब्बांचा डबा घेऊन तिथं गेली. त्या दिवशी एका गाण्यात, मोठ्या गायकाला बघून ओरडणाऱ्या आणि चक्कर येऊन पडणाऱ्या आठ मुली हव्या होत्या आणि त्यातल्या एकीला ताप भरला होता. दिग्दर्शकानं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्या डबेवालीला उभी करा." झगा नव्हता. अब्बांनी जेवण बाजूला ठेवून उरलेल्या पिवळ्या कापडातून झगा शिवला. कापड कॉलरीला पुरलं नाही, म्हणून अस्तराच्या तुकड्याची कॉलर लावली. मग जैबून ओरडली. एकदा नाही, दिवस मावळेपर्यंत. पुढं दोन दिवस तिला घरी खुणा करून पाणी मागावं लागलं.

चित्रपट लागला तेव्हा ती मुरगूडला होती, मोठ्या बहिणीच्या बाळंतपणाला. तो एकच आठवडा चालला. ती परत आली तेव्हा थेटरावर दुसरंच पोस्टर होतं. पुढं लग्न, पोरं, दुकान... चित्रपटाचं कुणी नावही काढेना. आक्का मात्र साठ वर्षं सांगत राहिल्या की मी पिक्चरमध्ये काम केलंय, आणि पेठ साठ वर्षं विचारत राहिली, "आक्का, पिक्चर कवा लागणार?" त्यांचे मालक शेवटपर्यंत म्हणत की बायको माझी चांगली, पण थापा मारती. मला वाटलं त्यांना त्याचं वाईट वाटत असेल. एकदा विचारलं. त्या फॉलची टीप घालत होत्या.

"लोकांचं मला काय न्हाय ग. पण त्या वयाचा माझा एकबी फोटो न्हाय. मी दिसत कशी हुतो, एवढंच बघायचं हाय. डोळं हायत तवर."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. परीक्षा तोंडावर होती, तरी मी तो चित्रपट शोधायच्या मागं लागले. नेटवर त्याचं एक पोस्टरसुद्धा नव्हतं. शेवटी मी एक धाडस केलं. विहानच्या फॅन पेजवर, त्याच्या फोटोच्या जागी, मी लिहिलं, "'गाणारा पाहुणा' हा जुना मराठी चित्रपट कुणाकडं आहे का? एका आजींना स्वतःला बघायचं आहे." पोरींनी मला शिव्या घातल्या. विहानचा नवा फोटो कुठाय म्हणून विचारलं. आणि त्या शिव्यांच्या खाली, बऱ्याच दिवसांनी, एका मुलीनं लिहिलं, "माझ्या आजोबांकडं कॅसेट आहे. निपाणी." मी कॉटवर उभी राहून उडी मारली. खालून आक्कांनी काठीनं छत ठोकलं.

मी निपाणीला गेले. ते आजोबा म्हणजे निवृत्त मास्तर. पूर्वी कधीतरी टीव्हीवर एका रविवारी तो चित्रपट दाखवला तेव्हा त्यांनी तो कॅसेटवर उतरवून घेतला होता आणि नातीनं आता त्याची फाइल करून दिली होती. मास्तरांनी मला चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही संशोधन करताय काय?" "नाही सर," मी म्हणाले, "मी फॅन आहे." "चित्रपटातल्या मधुकुमारची?" "नाही. मागं ओरडणाऱ्या एका मुलीची." ते इतके खूश झाले की मला पूर्ण चित्रपट बघितल्याशिवाय त्यांनी सोडलंच नाही.

काय चित्रपट आहे तो! मला वाटलं होतं जुनं काहीतरी रडकं असेल. हा तर सगळा आमच्यावरच बेतलेला. रेडिओवरचा लाडका गायक मधुकुमार एका तालुक्याच्या गावी मामाकडं राहायला येतो आणि गावाचं डोकं फिरतं. त्यानं उष्टा ठेवलेला चहा पोरी घोटघोट वाटून घेतात. त्याचा कंगवा चोरीला जातो आणि ज्या घरात सापडतो त्या घरात पाटावर मांडलेला असतो. गावचा न्हावी सगळ्या बाप्यांचे केस मधुकुमारसारखे कापतो आणि शेवटी स्वतःचेही. तर पोरी त्या न्हाव्यालाच मधुकुमार समजून खांद्यावर घेतात, गाणं म्हणत मिरवणूक काढतात. परत निघालेला खरा मधुकुमार ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर एकटा उभा असतो. तो एका मुलीला विचारतो, "बाई, कोण आलंय गावात?" आणि ती म्हणते, "सरका बाजूला, मधुकुमार आलाय!" मी आणि मास्तर हसून हसून लोळायचे बाकी राहिलो. विहानसाठी उन्हात उभी राहिलेली मीच त्यात होते, पण राग आला नाही. चित्रपट त्या पोरींना हसतो आणि तरी त्यांच्यावर त्याचा जीव आहे, हे कळतं.

आणि शेवटाच्या जरा आधी ते गाणं आलं. आठ मुली, ओरडल्या, आणि एकेक करून पडल्या. मी टीव्हीजवळ जाऊन बसले. चित्रपट कृष्णधवल होता. पिवळा झगा कुठला? आठही झगे राखाडी. मी खूण म्हणून तेवढाच पिवळा रंग मनात धरून आले होते.

तेव्हाच मी आक्कांना विचारायला हवं होतं. पण मला त्यांना चकित करायचं होतं. कोल्हापुरात येऊन मी फाइल आधी बंडूदादाला दाखवली. बंडूदादा आमच्या पेठेतल्या तालमीचा कार्यकर्ता, शिवाय त्याचा फ्लेक्स छापायचा धंदा. त्यानं ते गाणं बघितलं आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. "आक्का खरं बोलत हुत्या की! साठ वर्षं आपुन त्यांची टिंगल केली! आता साधं करून चालतंय व्हय? नाद खुळा करायचा." मग आम्ही दोघांनी पडद्यावर बोट ठेवून ठरवलं की आक्का यातल्या कुठल्या. पुढच्या रांगेत एक गोरीपान, गालाला खळी पडणारी मुलगी होती. "ह्याच," बंडूदादा म्हणाला. मलाही त्याच वाटल्या. का वाटल्या, तर त्या सगळ्यांत छान दिसत होत्या. दुसरं कारण नव्हतं.

दोन दिवसांत दुकानाच्या वर, माझ्या खिडकीखाली, भलामोठा फ्लेक्स लागला. मध्ये खळीवाल्या मुलीचं तोंड, त्यावर "साठ वर्षांनी पुन्हा पेठेत! आपल्या लाडक्या स्टार जैबूनआक्का", आणि खाली शुभेच्छुक म्हणून तालमीच्या पोरांचे गॉगल लावलेले, कानाला फोन लावलेले फोटो. रविवारपर्यंत आक्कांना कुणी काही सांगायचं नाही, असं पेठेत ठरलं होतं. आक्का रोज त्याच्या खालून जायच्या-यायच्या. एकदा वरती मान करून म्हणाल्या, "कुणाचा वाढदिवस हाय ग?" मी म्हणाले, "रविवारी कळेल."

रविवारी दुपारी तालमीच्या हॉलमध्ये खिडक्यांना चादरी बांधल्या, भिंतीवर पांढरं कापड ताणलं, प्रोजेक्टर आणला. माझ्या अंदाजानं पंचवीस-तीस माणसं येणार होती, पण पोरं खिडकीच्या कठड्यावरसुद्धा बसली होती. आक्कांना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. चित्रपट दाखवणार आहोत हे कळलं तेव्हा त्यांनी माझा हात असा पकडला की बांगडी वाकली. मग सत्कार. शाल, नारळ, आणि बंडूदादानं स्वतःच्या हातानं बांधलेला फेटा. फेटा मोठा झाला होता, भुवयांवर उतरत होता. चित्रपट सुरू झाला, लोक हसायला लागले, कंगव्याच्या प्रसंगाला तर कुणीतरी खालीच लोळलं. मी फक्त आक्कांच्या हाताकडं बघत होते.

गाणं सुरू झालं तसं बंडूदादानं खूण केली. मला हे माहीत नव्हतं. दाराशी हलगीवाले उभे होते, त्यांनी हलगी वाजवायला सुरुवात केली. शिट्ट्या झाल्या, कागदाच्या तुकड्यांचा फवारा उडाला, पहिल्या रांगेतली पोरं उठून कापडासमोर नाचायला लागली, "आक्का! आक्का! आक्का!" भिंतीवरच्या आठ मुली नाचणाऱ्या पोरांच्या पाठीवर थोड्या थोड्या दिसत होत्या. मी पण नाचत होते, खोटं कशाला सांगू. मी डोळे मिटून, पोटातून ओरडत होते. आणि ओरडून झाल्यावर डोळे उघडले तर आक्का फेटा वर सरकवत, मान इकडून तिकडं तिरकी करत, समोरच्या पाठींमधून काहीतरी शोधत होत्या. पुढचा प्रसंग सुरूही झाला होता. मी खाली बसले. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मला काय दिसलं न्हाय ग."

अडीच वर्षं मी त्यांच्याजवळ राहिले होते. त्यांना लांबचं दिसत नाही, जे बघायचं ते नाकाशी आणावं लागतं, हे पेठेत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि मी त्यांच्यासाठी भिंतीएवढा चित्रपट लावला होता. आम्ही त्यांचा एवढा जयजयकार करत होतो आणि त्या समोर बसल्या आहेत, हेच विसरलो होतो. हलगी थांबत नव्हती. चारचौघांत बोलायचं मला जमत नाही. मी उठले, प्रोजेक्टरची वायर खेचली आणि लॅपटॉप उचलला. भिंत पांढरी झाली. हलगी थांबली. "ए, कुणी काढली?" "मी," मी म्हणाले. "आक्कांना दिसंना. सगळी खाली बसा."

सगळे बसले. लॅपटॉप मी आक्कांच्या मांडीवर ठेवला आणि गाणं मागं घेतलं. त्यांनी फेटा काढून बंडूदादाच्या हातात दिला आणि पडद्याला नाक लावलं. आवाज मी बंद ठेवला होता. हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज येत होता. पुढच्या रांगेतली ती खळीवाली मुलगी आली तशी मी चित्र थांबवलं.

"बघा आक्का."

"काय बघू? ही कोण?"

"तुम्हीच की."

"मी? ह्यी?" त्यांनी मान फिरवली. "ही पुण्यासनं आलेली पोरगी. दिवसभर आरसा सोडला न्हाय हिनं."

बंडूदादाच्या हातातला फेटा सुटत गेला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "फ्लेक्स..." आक्कांनी ते ऐकलं. "काय हाय फ्लेक्सवर?" शेवटी सलीमभाईंनीच सांगितलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. आणि आक्का हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी. "म्हंजे आठ दिवस माझ्या दारात तिची जत्रा चाललीया व्हय! अरं, ह्या पिक्चरमधल्या पोरी तरी बऱ्या, त्यांनी न्हावी तरी गावचाच उचलला!" सगळा हॉल हसला. बंडूदादा दोन्ही हातांनी कान धरून उभा राहिला.

"हसतीस काय, पुढं घे," त्या मला म्हणाल्या. मी एकेक चित्र पुढं सरकवत गेले. त्या एक बोट पडद्यावरून फिरवत होत्या, काचेवर फिरवतात तसं नाही, कापडावर फिरवतात तसं. "पुढं... आणि पुढं... थांब. जरा मागं घे." मागच्या रांगेत, दोन मुलींच्या मधोमध, एक बारकी मुलगी होती. डोळे घट्ट मिटलेले, तोंड एवढं उघडं की सगळे दात दिसत होते. झग्याची कॉलर झग्यापेक्षा फिकट होती.

"ही अब्बांची कॉलर," आक्का म्हणाल्या.

त्या तशाच वाकून बघत होत्या. बोट कॉलरीवरच होतं. सलीमभाई मागून वाकले आणि म्हणाले, "अम्मा, ही तर सेम माझ्या पोरीसारखी दिसती." आक्कांनी मान हलवली. "दात केवढं हुतं ग माझं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा बघितलं, आणखी जवळून, आणि एखादं स्थळ बघून आल्यावर घरात सांगावं तसं म्हणाल्या, "चांगली हाय की पोरगी."

मग म्हणाल्या, "आता आवाज लाव." मी आवाज लावला. आठ मुली एकदम ओरडल्या. "ह्यात माझा कुठला कळत न्हाय. पण हाय."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स बदलला. नव्या फ्लेक्सवर ती मिटलेल्या डोळ्यांची, उघड्या तोंडाची मुलगी पहिल्यापेक्षा मोठी छापली होती आणि शुभेच्छुकांचे फोटो बारीक केले होते. त्यानंतर आक्का पाच महिने जगल्या, आणि ते पाच महिने दुकानासमोर गर्दी असायची. पोरी सेल्फी काढायला यायच्या. गॉगलवाल्या पोरांनी मोटारसायकल हळू न्यायला सुरुवात केली. विहान मला अजूनही आवडतो, हे मी लपवत नाही. पण त्याच्या पेजवर सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं चित्र आक्कांचं आहे.

याच दिवसांत त्यांना एक नवी सवय लागली. एका कॉलेजच्या मुलीनं वही पुढं करून सही मागितली. आक्का म्हणाल्या, "कागदावर मला ओळ दिसत न्हाय. साडी आण." त्या मुलीनं खरंच आईची साडी आणली. आक्कांनी फॉल लावून झाल्यावर, आतल्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, मशीन हळूहळू फिरवत "जै" असं अक्षर शिवलं. बोटभर उंचीचं, जरा डावीकडं कललेलं. त्या दिवसापासून दुकानातून गेलेल्या प्रत्येक साडीवर, मागितलं असो नसो, ते अक्षर गेलं. कितीजणींना ते माहीत होतं, कोण जाणे. फॉलच्या आत कोण बघतं?

गेल्या आठवड्यात मी बसनं कॉलेजला चालले होते. माझ्यापुढं एक बाई पायरी चढत होत्या. त्यांच्या साडीचा काठ पायात आला, त्यांनी तो उचलला आणि कोपऱ्यात मला ते कललेलं अक्षर दिसलं. अनोळखी माणसाशी मी स्वतःहून कधी बोलत नाही. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच जाऊन बसले.

"मावशी, तुमच्या साडीवर सही आहे."

"कसली सही, पोरी?" त्यांनी घाबरून काठ झटकला. "डाग पडलाय काय?"

मी काठ उलटा करून दाखवला. मग सांगायला लागले. डबा, ताप आलेली मुलगी, कॉलर, मुरगूड, निपाणी, हलगी, सगळं. कंडक्टर तिकीट द्यायला आला तो तिथंच दांडा धरून ऐकत उभा राहिला. बाई तो कोपरा दोन बोटांत धरून ऐकत होत्या. त्यांचा स्टॉप आला. त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि मागं वळल्या.

"धुतल्यावर जाईल काय ग ही?"

"न्हाय," मी म्हणाले. "मशीनची हाय."